‘त्याग’ आणि ‘टाकणें’ : दोन शब्दांची परीक्षा

एखाद्या भाषेंतील शब्दांची परीक्षा करूं लागलें म्हणजे ती केवळ कोशकाराच्या घरची गोष्ट राहत नाहीं. ती भाषा बोलणाऱ्या समाजाच्या न्यायबुद्धीची परीक्षा होऊन बसते. इंग्रजींतील ‘अबॅंडनमेंट’ या शब्दास मराठी प्रतिशब्द कोणता, हा प्रश्न वरवर पाहतां भाषांतरकाराच्या सोयीचा आहे. कोश उघडावा, ‘त्याग’, ‘परित्याग’, ‘सोडून देणें’, ‘टाकून देणें’ अशी माळ समोर दिसते, त्यांतला एखादा मणी उचलून वाक्यांत बसवावा, एवढ्यानें काम भागतें असें पुष्कळांस वाटतें. परंतु हे शब्द एकमेकांच्या जागीं बसणारे नाहींत. त्यांपैकीं एकाचें स्थान देवघरांत आहे, तर दुसऱ्याचें उकिरड्यावर. आणि एकाच कृत्याला यांपैकीं कोणता शब्द लावावयाचा हें बहुधा तें कृत्य कोणीं केलें यावरून ठरतें. या दोन शब्दांचा अर्थ, त्यांचा उपयोग व त्या उपयोगांत शिरलेला अन्याय यांचा विचार करण्याचें आम्हीं प्रस्तुत लेखांत योजिलें आहे.

प्रथम मूळ इंग्रजी शब्दाकडे पाहूं. हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेंतून इंग्रजींत आला. ‘बॅंडन’ म्हणजे सत्ता, ताबा, हुकमत; एखादी वस्तु दुसऱ्याच्या हुकमतीखालीं देणें हा शब्दाचा आरंभींचा अर्थ. म्हणजे मुळांत येथें दोन पक्ष होते : एक देणारा, आणि दुसरा ज्याच्या हातीं वस्तु जावयाची तो. पुढें हा दुसरा पक्ष गळून पडला व नुसतें सोडणें उरलें. सोडलेली वस्तु कोणाच्या हातीं गेली कीं कोणाच्याच नाहीं, हें शब्द सांगेनासा झाला. सागरी विम्याच्या कायद्यांत मात्र जुना अर्थ अजून शिल्लक आहे. जहाज वाचण्याची आशा संपली, किंवा तें वाचविण्याचा खर्च त्याच्या किमतीहून अधिक होणार असें दिसलें, म्हणजे जहाजाचा धनी विमेवाल्यास तशी सूचना देतो, जहाजावरचा आपला हक्क त्याच्या स्वाधीन करतो, आणि संपूर्ण नुकसानीची रक्कम मागतो. या कृतीलाच तेथें हें नांव आहे. उलट, बेहोष नृत्याला किंवा अनिर्बंध हास्यालाही इंग्रज तोच शब्द लावतो; कारण तेथें माणसानें स्वतःलाच भावनेच्या ताब्यांत दिलेलें असतें. या अर्थासाठीं आपल्याकडे ‘बेभान’, ‘बेबंद’ हे शब्द आहेत. ‘बेबंद’ आणि ‘बॅंडन’ यांच्या उच्चारांत थोडें साम्य दिसतें म्हणून त्यांचें नातें जुळविण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. आपला ‘बंद’ फारशींतून आलेला व बांधण्याच्या अर्थाचा आहे. तिकडचा ‘बॅन’ हुकमाच्या व जाहीर घोषणेच्या अर्थाचा आहे. ध्वनि सारखा, कुळें निराळीं.

मराठींत या सर्व अर्थांना पुरेल असा एकच शब्द नाहीं, आणि हें मराठीचें दारिद्र्य नव्हे. नांगर थांबलेल्या जमिनीला कुणबी ‘पडीक’ म्हणतो. माणसें निघून गेलेलें गांव ‘ओसाड’ होतें. महसुली दप्तरांत तेंच ‘बेचिराग’, म्हणजे जेथें दिवा लागत नाहीं असें, म्हणून नोंदलें जातें. आणि लोकांनीं पुढें ‘चिराग’ विसरून त्यांत राख पाहिली व ‘बेचिराख’ असें रूप रूढ केलें. ज्यावर हक्क सांगणारा कोणी नाहीं तो माल ‘बेवारशी’. ज्याचा आधार काढून घेतला त्याला ‘वाऱ्यावर सोडलें’. धर्माच्या नांवानें मोकळा सोडलेला बैल तो ‘पोळ’. घरादाराचा मोह तोडून निघालेला माणूस घरावर ‘तुळशीपत्र ठेवतो’, हातच्या लाभावर ‘पाणी सोडतो’. या शेवटच्या दोन्ही वाक्प्रचारांचें मूळ दानविधींत आहे. वस्तूवर तुळशीचें पान ठेवून हातावरून उदक सोडलें कीं तिच्यावरचें स्वामित्व संपलें. अशा रीतीनें यांतला प्रत्येक शब्द कशाकडे तरी बोट दाखवितो : कोणी जमिनीकडे, कोणी विझलेल्या दिव्याकडे, कोणी नसलेल्या वारसाकडे, कोणी देणाऱ्याच्या हाताकडे. जो भाषांतरकार या सर्वांच्या जागीं सरसकट ‘परित्याग’ लिहितो तो संस्कृत लिहीत नाहीं व मराठीही लिहीत नाहीं.

या शब्दांच्या तळाशीं दोन साधीं क्रियापदें आहेत. ‘सोडणें’ हें त्यांतलें मवाळ. बंदिवान सोडला तर तो उपकार, आणि लेकरूं रस्त्यावर सोडलें तर तो घात. क्रियापद दोन्हीकडे तेंच. भेद दाखविण्याचें काम मराठी साहाय्यक क्रियापदाकडे सोंपविते. ‘सोडून दिलें’ म्हटलें म्हणजे सोडलेल्या वस्तूकडे लक्ष जातें, आणि प्रसंगीं त्याचा अर्थ क्षमा केली असाही होतो. ‘सोडून गेला’ म्हटलें म्हणजे जाणाऱ्याचे पाय दिसूं लागतात. ‘टाकणें’ हें क्रियापद अधिक कठोर आहे. केर टाकावयाचा, उष्टें टाकावयाचें, फुटकें मडकें टाकावयाचें. जें टाकलें तें निरुपयोगी होतें ही कबुली त्यांत गृहीत असते. साहाय्यक म्हणून तें आलें तरी हा स्वभाव जात नाहीं. ‘देऊन टाकलें’, ‘बोलून टाकलें’, ‘उरकून टाकलें’ यांत एकदांचे हात झाडून मोकळें झाल्याचा भाव आहे. तरीही याच क्रियापदानें आपण एखाद्यावर ‘विश्वास टाकतों’ आणि भाविक माणूस देवावर ‘भार टाकतो’. तेथें या शब्दाला कठोरपणाचा वासही येत नाहीं, याचें कारण उघड आहे : तेथें टाकलेलें झेलणारा कोणी आहे. जुन्या फ्रेंच शब्दांत जो दुसरा पक्ष होता तोच हा. टाकण्यांतलें क्रौर्य क्रियेपेक्षां झेलणाऱ्याच्या अभावांत अधिक असतें, हा या क्रियापदाच्या इतिहासाचा पहिला धडा होय.

आतां ‘त्याग’ या शब्दाकडे वळूं. आजच्या मराठींत हा शब्द उच्चारतांच कर्त्याची मान उंच होते. देशभक्ताचा त्याग, मातेचा त्याग, गुरूचा त्याग असें आपण म्हणतों. भेकडाचा त्याग असें म्हणत नाहीं. संस्कृतांत ‘त्यज्’ धातूला असा जन्मजात मान नाहीं. पाणिनीय धातुपाठांत ‘त्यज्’ धातूचा अर्थ ‘हानि’ या शब्दानें दिला आहे, आणि ज्या ‘हा’ धातूपासून ‘हानि’ शब्द होतो त्याचा अर्थ ‘त्याग’ या शब्दानें दिला आहे. पहिल्यानें दुसऱ्याकडे पाठवावें व दुसऱ्यानें पहिल्याकडे, हा प्रकार गमतीचा असला तरी उद्बोधक आहे. त्याग म्हणजे हानि व हानि म्हणजे त्याग, पुण्याचा उल्लेख दोहोंतही नाहीं. शरीरधर्मास ‘मलत्याग’ म्हणतांना आपल्या वैद्यांस संकोच वाटत नाहीं तो याच जुन्या निर्विकार अर्थाच्या बळावर.

मग हा मान आला कोठून? आमच्या मतें तो यज्ञशाळेंतून आला. याज्ञिकांनीं द्रव्य, देवता व त्याग अशीं यागाचीं अंगें सांगितलीं आहेत. आहुति देतांना यजमान ती अमुक देवतेची आहे, माझी नव्हे, असें म्हणतो. हें ‘माझें नव्हे’ म्हणणें हाच त्याग. हविर्द्रव्य प्रत्यक्ष अग्नींत टाकण्याचें काम ऋत्विजाचें. म्हणजे आमचे दोन्ही शब्द वेदीपाशीं शेजारीं शेजारीं उभे आहेत : टाकणारा हात एकाचा, त्यागाचा संकल्प दुसऱ्याचा, आणि पुण्य संकल्पाला, हाताला नव्हे. परंतु या मानाबरोबर एक अटही आली, आणि तिचा आज सर्वांस विसर पडला आहे. ज्यावर माझें स्वामित्व आहे त्यालाच मला ‘माझें नव्हे’ म्हणतां येतें. जें मुळांत माझें धनच नाहीं त्याचा त्याग मी करणार कसा?

हा प्रश्न आमचा नव्हे. तो मीमांसकांचाच आहे. विश्वजित् यज्ञांत यजमानानें आपलें सर्वस्व द्यावयाचें असतें. ‘स्व’ या शब्दानें आप्तही कळतात, तेव्हां आईबापांनाही देऊन टाकावयाचें काय, अशी शंका जैमिनीच्या सूत्रांत सहाव्या अध्यायांत उपस्थित झाली आहे. आणि ज्यावर माणसाची प्रभुता आहे तेवढेंच त्याला देतां येतें असा तिचा निर्णय झाला आहे. याज्ञवल्क्यानेंही व्यवहाराध्यायांत कुटुंबास बाध न येईल असें आपलें धन देण्यास मोकळीक देतांना पत्नी व पुत्र यांना स्पष्ट वगळलें आहे. हा सारा विचार दानाविषयींचा आहे, हें खरें. परंतु दान आणि त्याग यांचा पहिला अर्धा भाग, म्हणजे आपलें स्वामित्व काढून घेणें, एकच आहे. जी व्यक्ति देण्याजोगी वस्तु नव्हे ती पुण्यप्रद अर्थानें त्यागण्याजोगी वस्तुही नव्हे, असा निष्कर्ष त्यांतून निघतो. पोटच्या मुलीला ‘देवाला सोडण्याची’ जी चाल आपल्याकडे होती, व जिला आळा घालण्यासाठीं मुंबई इलाख्यांत इ. स. १९३४ मध्यें कायदा करावा लागला, तिच्यावर या कसोटीनें प्रकाश पडतो. ‘वाहणें’, ‘सोडणें’ हे शब्द पूजेचे होते. परंतु वाहिलेली वस्तु वाहणाऱ्याची नव्हती. तिला स्वतःचा जीव होता.

शब्दांच्या या कुळाचा उपयोग थोर कवि कसा करतो हें पाहण्यास ‘अभिज्ञानशाकुंतल’ या नाटकाइतकें चांगलें उदाहरण नाहीं. पहिल्या अंकांत दुष्यंत शकुंतलेच्या सख्यांपाशीं तिच्या जन्माची चौकशी करतो. कण्व तिचा पिता कसा हें सांगतांना ‘उज्झिता’, म्हणजे टाकून दिलेली, असा शब्द सखीच्या तोंडीं येतो; टाकलेल्या मुलीला ज्यानें वाढविलें तोच तिचा बाप, असा तिच्या बोलण्याचा आशय. राजा या एका शब्दाशींच अडतो आणि त्यानें आपलें कुतूहल जागें झालें आहे, गोष्ट मुळापासून सांगावी, असें म्हणतो. पांचव्या अंकांत हाच राजा तिला ओळखण्याचें नाकारतो. या नाकारण्याला नाटकांतला शब्द ‘प्रत्यादेश’ असा आहे. त्यांत पुण्याची छटा नाहीं, झिडकारण्याची आहे. शारद्वत म्हणतो कीं ही तुझी भार्या, टाक नाहीं तर ठेव, बायकोवर नवऱ्याची सत्ता सर्व बाजूंनीं चालते. येथें ‘त्यज्’ येतो तो स्वामित्वाच्या उघड उच्चारासह येतो. जी अट आम्हीं वर सांगितली तीच कवीनें एका ऋषिकुमाराच्या तोंडीं घातली आहे. आणि खुद्द राजा? आपण परस्त्रीच्या स्पर्शानें दूषित व्हावें कीं ‘दारत्यागी’ व्हावें असा पेंच तो मांडतो. कालिदासाच्या राजाला ‘त्यागी’ ठरण्याची भीति वाटते, ही गोष्ट आमच्या आजच्या लेखकांनीं लक्षांत घ्यावी. त्याच्या कानाला तो शब्द दूषणाचा लागतो, भूषणाचा नव्हे. अंकाच्या शेवटीं स्त्रीरूप तेज येऊन शकुंतलेला उचलून नेतें, आणि हें मेनकेचें कृत्य असें पुढें कळतें. जिनें जन्मतः टाकलें तिनेंच शेवटीं झेललें. ‘उज्झिता’ या शब्दापासून सुरू झालेलें वर्तुळ असें पुरें होतें.

सीतेच्या कथेंत मराठी वाचकाची अधिक फसगत होते, आणि तिला अर्धें कारण आपलें व्याकरणच आहे. ‘सीतेचा त्याग’ हे दोन शब्द घ्या. सीतेनें केलेला त्याग, कीं सीतेचा केलेला त्याग? मराठींतील षष्ठी दोन्ही अर्थांना सारखीच मोकळी आहे. ‘रामाचा त्याग’ म्हटलें तरी तोच घोळ. राज्य सोडून वनांत जाणारा राम आणि पत्नीला वनांत सोडणारा राम यांच्या दोन कृत्यांवर एकच शब्द पडतो, आणि पहिल्या कृत्याचें तेज नकळत दुसऱ्यावर सांडतें. आमच्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत हें वर्षानुवर्षें दिसून येतें. वनवासाच्या त्यागापासून आरंभ करून लेखणी न उचलतां ते सीतात्यागापर्यंत येतात, आणि दोन्हींचें माप एकाच शेवटच्या वाक्यानें घालतात. पहिल्या प्रसंगीं रामानें आपलें राज्य सोडलें. तें सोडण्याचा अधिकार त्याला होता. दुसऱ्या प्रसंगीं त्यानें जें सोडलें तें एक माणूस होतें, तें गर्भवती होतें, आणि त्याला आश्रमदर्शनाच्या निमित्तानें गंगेपार नेऊन लक्ष्मणाच्या तोंडून मग खरी हकीकत सांगण्यांत आली. पहिल्या हानीचा भार सोडणाऱ्यानें सोसला. दुसऱ्या हानीचा बराचसा भार सोडलेलीनें.

मोठ्या कवींनीं हा फरक कधीं पुसला नाहीं. ‘रघुवंशा’च्या चौदाव्या सर्गांत सीता लक्ष्मणाबरोबर जो निरोप पाठविते तो पतीला नाहीं, ‘त्या राजाला’ आहे. आणि लोकापवाद ऐकून आपणांस टाकणें हें त्याच्या विद्येला व कुळाला शोभतें काय, असें ती विचारते. भवभूतीच्या पहिल्या अंकांत सीता रामाच्याच बाहूवर डोकें ठेवून निजलेली असतां त्याला हा निर्णय घ्यावा लागतो. आणि त्या वेळीं तो स्वतःला त्यागी म्हणवीत नाहीं, घरांत पाळलेल्या पांखराला कपटानें मृत्यूच्या हवालीं करणाऱ्या खाटकाची उपमा देतो. करुणरसाचा हा एवढा मोठा कवि नायकाला दोषमुक्त करण्याची घाई करीत नाहीं. त्याच्या दुःखाचें मोठेपण दाखवितो आणि दोष त्याच्याच तोंडून वदवितो. आपल्याकडील कित्येक प्रशंसापर व्याख्यानांत मात्र या ठिकाणीं ‘राजधर्मासाठीं केलेला महान् त्याग’ असें एक वाक्य येतें, आणि त्या वाक्यांत सीता कर्मस्थानींही उरत नाहीं. त्याग कोणाचा, हा प्रश्नच तेथें मावळतो. वाङ्मयदृष्ट्याही हें कवीवर अन्याय करणारें वाचन आहे. कारण जी जखम त्यानें उघडी ठेवली ती आपण एका मानाच्या शब्दानें झांकून टाकतों.

येथें कोणी म्हणेल कीं आपल्या परंपरेंत त्यागाची प्रतिष्ठा एवढी मोठी आहे कीं तिच्यापुढें कुटुंबाचें बंधन गौण ठरतें. परंपरा इतकी एकपदरी नाहीं. गीतेच्या अठराव्या अध्यायाचा आरंभच संन्यास व त्याग यांतील भेद विचारण्यानें होतो, आणि तेथें त्यागाचे तीन प्रकार केले आहेत. नियत कर्तव्य मोहानें सोडणें तो तामस त्याग. कष्टाच्या भीतीनें सोडणें तो राजस. आणि कर्तव्य करीत राहून आसक्ति व फळ सोडणें तो सात्त्विक. म्हणजे गीतेच्या मतें नुसतें सोडलें यावरून थोरवी ठरत नाहीं; काय सोडलें व कां सोडलें हें पाहावें लागतें. आपल्याकडील दोन आख्यायिका या कसोटीला लावून पाहण्यासारख्या आहेत. ‘सावधान’ हा शब्द ऐकतांच बोहल्यावरून निघून गेलेल्या नारायणाची, म्हणजे पुढील समर्थ रामदासांची, गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतों. परंतु अंतरपाटाच्या पलीकडे उभ्या असलेल्या मुलीचें काय झालें हें विचारण्याचें आपल्या मनांत सहसा येत नाहीं. उलट ज्ञानदेवांच्या वडिलांची परंपरागत कथा पाहा. विठ्ठलपंत पत्नीला मागें ठेवून काशीस गेले व संन्यास घेऊन बसले; पुढें गुरूची आणि रुक्मिणीबाईंची आळंदीस गांठ पडली, खरी गोष्ट उघडकीस आली, आणि गुरूनें शिष्याला परत संसारांत पाठविलें. त्या गुरूला संन्यासाची थोरवी कळत नव्हती असें कोण म्हणेल? परंतु बायकोच्या संमतीचें खोटें निमित्त सांगून घेतलेला संन्यास हा त्याग नव्हे, हें त्यानें जाणलें. मात्र ही समज समाजाला नव्हती. त्यानें त्या कुटुंबाला ‘वाळींत टाकलें’. एका घरांत ‘त्याग’ नाकारला गेला, आणि त्याबद्दलची शिक्षा म्हणून साऱ्या घराच्या वांट्याला ‘टाकणें’ आलें. या वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्रानें इ. स. २०१६ मध्यें स्वतंत्र कायदा केला, यावरून त्या जुन्या क्रियापदाचा जोर किती टिकून होता हें दिसतें.

आतां ज्या शब्दामुळें हा लेख लिहिण्याची निकड आम्हांस वाटली त्याकडे येऊं. नवऱ्यानें सोडलेल्या स्त्रीला आपण सभ्य भाषेंत ‘परित्यक्ता’ आणि घरगुती भाषेंत ‘टाकलेली’ म्हणतों. दोन्ही रूपें कर्मणि भूतकालवाचक आहेत. ज्याच्यावर क्रिया घडली त्याच्या अंगाला तीं चिकटतात. करणारा वाक्याबाहेर राहतो. अशा स्त्रीला कायमचें नांव आहे, परंतु तिला टाकणाऱ्या पुरुषाला मराठींत नांव नाहीं. ‘बायको टाकलेला’ हें विशेषण फार तर एखाद्या वाक्यांत येईल. तें त्या माणसाची ओळख होऊन बसत नाहीं. लग्नाच्या बाजारांत तो पुन्हां नुसता ‘मुलगा’ असतो. आणखी एक सूक्ष्म अन्याय येथें आहे. ‘नवऱ्यानें टाकलेली’ आणि ‘नवरा टाकलेली’ या दोहोंत फरक एका प्रत्ययाचा. बोलण्यांत तोही गळतो आणि नुसती ‘टाकलेली’ उरते. तिला हाकलून दिलें असो, कीं मार असह्य होऊन ती आपण बाहेर पडली असो, शब्द एकच. आणि ‘टाकणें’ या क्रियापदाचा जो स्वभाव आम्हीं वर सांगितला, म्हणजे टाकलेलें तें निरुपयोगी होतें ही गृहीत कबुली, तीही या शब्दाबरोबर तिच्या पदरांत पडते.

याज्ञवल्क्याचा या बाबतींतील एक नियम येथें आठवतो. आचाराध्यायांत त्यानें असें सांगितलें आहे कीं आज्ञेंत वागणाऱ्या, दक्ष, पुत्रवती व गोड बोलणाऱ्या पत्नीला जो टाकतो त्याच्याकडून धनाचा तिसरा हिस्सा देववावा, आणि तो निर्धन असल्यास तिचें भरणपोषण तरी करवावें. आज्ञेची व पुत्राची अट आज आपणांस पटणार नाहीं, आणि ती पटूं नये. परंतु वाक्याची रचना पाहावी. तेथें ‘त्यजन्’, म्हणजे टाकणारा, हा कर्तरि शब्द आहे. आणि वाक्याचा सारा दंड त्याच्यावर येऊन पडतो. स्मृतिकारानें टाकणाऱ्याला वाक्यांत उभें केलें. आम्हीं त्याला वाक्याबाहेर जाऊं दिलें.

अर्वाचीन कायदा पुन्हां कर्त्याकडे वळला आहे. इ. स. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांत जोडीदारास सोडून जाणें हें प्रथम न्यायिक विभक्ततेचें कारण होतें, इ. स. १९७६ च्या दुरुस्तीनें सतत दोन वर्षें सोडून राहणें हें घटस्फोटाचेंही कारण झालें, आणि जाणूनबुजून केलेली हेळसांडही त्यांत धरली आहे. प्रत्यक्ष वेगळें होणें आणि सहजीवन कायमचें संपविण्याचा हेतु, हीं दोन्ही सिद्ध झालीं पाहिजेत, असें सर्वोच्च न्यायालयानें इ. स. १९५६ मध्येंच स्पष्ट केलें. घराचा उंबरा कोणीं ओलांडला एवढ्यावर निर्णय होत नाहीं. ज्याच्या वर्तनानें दुसऱ्याला घर सोडणें भाग पडलें तोच सोडणारा ठरूं शकतो. मुलांच्या बाबतींतही इ. स. २०१५ चा बालन्याय कायदा अनाथ, सोडून दिलेलें व स्वाधीन केलेलें अशा तीन मुलांत भेद करतो. यांतला शेवटचा भेद फार मोलाचा आहे. जोतीराव फुल्यांनीं इ. स. १८६३ मध्यें पुण्यास बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें तेव्हां कोणताही कायदा न करतां त्यांनीं हाच भेद प्रत्यक्षांत आणला. झेलणारा हात पुढें झाला, आणि जी माता मूल टाकून जाणार होती ती मूल ठेवून जाऊं शकली.

मग ‘टाकलेली’ हा शब्द टाकून द्यावा काय? हल्लीं सरकारी कागदांत व संस्थांच्या पत्रकांत ‘एकल महिला’ असा सौम्य शब्द रूढ होत आहे. त्याचा हेतु चांगला आहे, आणि जिला आपली ओळख कोणाच्या सोडण्यावरून सांगावयाची नसेल तिला तो वापरण्याचा पूर्ण हक्क आहे. परंतु त्या शब्दांत विधवा, अविवाहिता, घटस्फोटिता व नवऱ्यानें हाकललेली या साऱ्या एका रांगेंत बसतात, आणि हाकलणारा तर अजिबात दिसेनासा होतो. शब्द मृदु झाला, तक्रार मात्र पुसली गेली. याच्या उलट, इ. स. १९८८ मध्यें संगमनेर येथें समता आंदोलनानें अशा स्त्रियांची परिषद भरविली तेव्हां त्या परित्यक्ता म्हणूनच एकत्र आल्या. आणि त्या कार्यांत अग्रभागीं असलेल्या निशा शिवूरकर यांनीं आपल्या पुस्तकास ‘लढा टाकलेल्या स्त्रियांचा’ असें नांव दिलें. तेथें तोच कठोर शब्द आहे, पण त्याच्या मागें ‘लढा’ उभा राहतांच ‘टाकलें कोणीं?’ हा प्रश्न वाचकाच्या मनांत आपोआप उठतो. शब्द बदलण्यापेक्षां वाक्य पुरें करणें अधिक हिताचें, हें आमचें मत अशा उदाहरणांवरून दृढ झालें आहे.

यावर एक आक्षेप येण्यासारखा आहे. भाषा रूढीनें चालते. ‘सीतात्याग’, ‘पत्नीत्याग’ हे शब्द रूढ झाले, आतां त्यांची फोड करून काय साधणार? आमचें उत्तर असें कीं कथाभागाचें नांव म्हणून ‘सीतात्याग’ खुशाल राहूं द्या. नांवें बदलल्यानें काव्यें बदलत नाहींत. परंतु त्या कथाभागावर लिहितांना टीकाकारानें निदान एकदां तरी पुरें वाक्य लिहावें : रामानें सीतेला वनांत सोडलें. त्यानंतर त्याला रामाच्या बाजूनें जें सांगावयाचें असेल तें त्यानें अवश्य सांगावें. चरित्रकारानें नायकाच्या गृहत्यागाचें वर्णन करतांना घरांत कोण कोण होतें व पुढें त्यांचें पोषण कसें झालें, हें दोन ओळींत तरी नोंदवावें. वृत्तपत्रकारानें ‘परित्यक्ता स्त्री’ लिहिण्यापूर्वीं ‘पतीनें सोडलेली’ असें लिहितां येईल काय, हें पाहावें. ‘त्याग’ हा शब्द आम्हांस प्रिय आहे, आणि म्हणूनच तो जपून वापरला जावा असें वाटतें. धन, मान, सुख, राज्य, फळाची आशा, हें माणसाचें आपलें असतें. तें सोडणाऱ्याला त्यागी म्हणावें. बायको, मूल, म्हातारे आईबाप हीं कोणाची मत्ता नव्हेत. त्यांना सोडून जाण्यास कित्येकदां सबळ कारण असेलही, परंतु त्या सोडण्याला मराठींत ‘सोडून जाणें’ हा साधा, पुरेसा आणि खरा शब्द आहे.